संगणकातील कृमी

प्रस्तावना

संगणक बिघडला की तो ‘फॉरमॅट’ करून घ्यावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. दिल्लीच्या नेहरू प्लेसची मोठी संगणक-बाजारपेठ असो वा एखाद्या तालुक्यातील लहानसे दुकान, कारागीर डिस्क पुसतो, विंडोज नव्याने बसवतो आणि संगणक ग्राहकाच्या स्वाधीन करतो. परंतु घरी नेऊन इंटरनेटला जोडताच तोच बिघाड पुन्हा उद्भवला तर? असे का घडते आणि ते कसे टाळावे, याचे विवेचन प्रस्तुत पाठात केले आहे.

पाठ

11 ऑगस्ट 2003 रोजी ‘ब्लास्टर’ नावाचा कृमी जगभरच्या संगणकांत शिरू लागला. विंडोज एक्सपी आणि विंडोज 2000 या प्रणालींवर त्याचा मुख्य रोख होता. काम चालू असताना पडद्यावर एकाएकी सूचना उमटे की, साठ सेकंदांत संगणक बंद होणार आहे. सेकंद उलटे मोजले जात. अर्धवट टंकलेला अर्ज, जतन न केलेला हिशेब डोळ्यांदेखत नाहीसा होई. संगणक पुन्हा सुरू करून इंटरनेटला जोडावा, तर थोड्याच वेळात पुन्हा तीच सूचना!

विषाणू आणि कृमी हे शब्द बोलताना एकाच अर्थाने वापरले जातात. पण त्यांत भेद आहे. विषाणू एखाद्या फाइलला चिकटून राहतो आणि कोणी ती फाइल उघडली म्हणजे जागा होतो. कृमीला असा आधार लागत नाही. तो जाळ्यातून स्वतःच सरपटत पुढे जातो. इंग्रजीत त्याला ‘वर्म’, म्हणजे अळी किंवा कृमी, असे म्हणतात. ब्लास्टरने ग्रासलेला प्रत्येक संगणक इतर संगणकांचे पत्ते धुंडाळी आणि त्यांचे 135 क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे संदेश स्वीकारण्याचे द्वार, ठोठावून पाही. विंडोजच्या एका सेवेत दोष होता. त्या फटीतून तो आत शिरे. संगणकाच्या मालकाने काहीही उघडलेले नसे, कशावरही क्लिक केलेले नसे. त्याचा अपराध एवढाच की, संगणक इंटरनेटला जोडलेला होता.

विशेष म्हणजे हा दोष अज्ञात नव्हता. तो बुजवणारा ‘पॅच’, शब्दशः सांगायचे तर ठिगळ, मायक्रोसॉफ्टने 16 जुलै 2003 रोजीच प्रसिद्ध केला होता. कृमी आला तो त्यानंतर सव्वीस दिवसांनी. तरीही असंख्य संगणकांवर ते ठिगळ लागलेले नव्हते.

आता फॉरमॅटचा विचार करू. डिस्क पुसली की कृमी नष्ट होतो, यात शंका नाही. पण त्यानंतर जी सीडी घातली जाते, ती कोणत्या काळातील असते? विंडोज एक्सपी ऑक्टोबर 2001 मध्ये बाजारात आली. त्या वेळच्या सीडीतून बसवलेली प्रणाली कोरी दिसली, तरी 2003 मध्ये उघडकीस आलेली फट तिच्यात तशीच असते. ठिगळ मिळवायचे तर इंटरनेटला जोडावे लागते, आणि जोडताच पॅच उतरून घेण्यापूर्वी कृमी दाराशी हजर! पैसे खर्च झाले, कागदपत्रे गेली आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. अशा वेळी कारागिराला दोष दिला जाई. वस्तुतः चूक कामाच्या क्रमात होती.

योग्य क्रम असा की, प्रथम इंटरनेटची तार काढावी. आपली पत्रे, छायाचित्रे, हिशेब यांची प्रत दुसरीकडे ठेवावी. परंतु जुने प्रोग्राम तसेच उचलून ठेवू नयेत. मग डिस्क पुसून प्रणाली बसवावी आणि तार लावण्यापूर्वी फायरवॉल सुरू करावी. बाहेरून आलेला आगंतुक संदेश ती दारातच अडवते. विंडोज एक्सपीमध्ये ही सोय मुळातच होती, पण ती बंद ठेवलेली असे. ऑगस्ट 2004 मधील दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून ती आपोआप सुरू राहू लागली. सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे निर्दोष संगणकावर पॅच उतरवून तो सीडीवरून आणणे. पॅच बसल्यावरच तार जोडावी आणि उरलेली अद्ययावतीकरणे पूर्ण करावीत.

नोव्हेंबर 2008 मध्ये आलेल्या ‘कॉनफिकर’ने यात आणखी एक धडा जोडला. तो जाळ्यातील फटीतून येई, सोपा परवलीचा शब्द ओळखून शेजारच्या संगणकात शिरे, आणि पेनड्राइव्हमध्येही दडून बसे. प्रणाली नवी, पॅच लागलेला; पण जतन केलेली कागदपत्रे परत आणण्यासाठी जुना पेनड्राइव्ह खोचला की कृमी पुन्हा आत! म्हणून पेनड्राइव्ह आधी अँटीव्हायरसने तपासावा. कार्यालयात तर एकच संगणक स्वच्छ करून भागत नाही. शेजारच्या मेजावरील रोगट संगणक त्याला पुन्हा गाठण्याचा प्रयत्न करीत राहतो.

12 मे 2017 रोजी ‘वॉनाक्राय’ने फायलींना कुलूप लावून खंडणी मागितली, तेव्हा आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणकही सापडले. त्याही फटीचे ठिगळ त्याच वर्षी 14 मार्चला निघालेले होते.

देशातील अशा घटनांवर लक्ष ठेवण्यासाठी दिल्लीत जानेवारी 2004 पासून ‘सर्ट-इन’ ही शासकीय संस्था कार्यरत आहे. तिच्यामार्फत फेब्रुवारी 2017 मध्ये ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू झाले. संगणक स्वच्छ करणारी साधने तेथून विनामूल्य मिळतात. मात्र ज्या प्रणालीचे पॅच निघणेच थांबले आहे, तिची नवी फट या साधनांनी बुजत नाही. विंडोज एक्सपीचे पॅच नियमितपणे देणे 8 एप्रिल 2014 रोजी थांबले, तर विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. जुना संगणक फॉरमॅटसाठी दुकानात देताना कोणती प्रणाली बसवणार आणि तिचे पॅच अजून निघतात का, हे दोन प्रश्न पैसे देण्याआधी विचारावेत.

पाठावर आधारित प्रश्न

1. विषाणू आणि कृमी यांतील फरक तुमच्या शब्दांत लिहा.
2. ‘चूक कामाच्या क्रमात होती’ या विधानाचे स्पष्टीकरण करा.
3. ‘पहिले पाढे पंचावन्न’ या वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.