शर्यतीपूर्वीचे दहा दिवस

सायकल शर्यतीच्या तयारीबद्दल सल्ला देणारे आपल्याकडे पुष्कळ भेटतात. "रोज पन्नास किलोमीटर मार, पाय आपोआप तयार होतात," हा त्यांतला सर्वांत लोकप्रिय सल्ला. तो खोटा नाही. पण शर्यत दहा दिवसांवर आली की तोच घातक ठरतो. हे मी प्रथम पसरणीच्या घाटात शिकलो. पुस्तके नंतर उघडली.

प्रथम वर्षाला असताना सातारा ते पाचगणी अशा एका खुल्या शर्यतीत मी नाव दिले होते. पाचवडवरून वाईपर्यंतचा रस्ता तसा सोपा. खरी परीक्षा वाईच्या पुढे. तीन महिने सराव नेमाने केला होता. परंतु शेवटच्या आठवड्यात मनात भीती शिरली आणि सोमवारपासून मी रोज घाट चढू लागलो. शनिवारी तर दोनदा चढलो. शिवाय अंग हलके राहावे म्हणून भात-पोळी जवळजवळ सोडली. रविवारी वाईपर्यंत पुढच्या घोळक्यात होतो. घाट लागला आणि थोड्याच वेळात मांड्या दगडासारख्या झाल्या. दम लागला नव्हता, छाती ठीक होती, पायच चालेनात! शेवटी उतरलो आणि सायकल ढकलत वर गेलो. ती सायकल वडिलांनी कर्ज काढून घेऊन दिली होती व हप्ते अजून फिटायचे होते. ते पाचगणीत वाट पाहत उभे होते. "आधी पाणी पी," एवढेच म्हणाले. रागावले असते तर बरे वाटले असते.

हे असे का झाले? मी कलाशाखेचा विद्यार्थी. शरीरशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. तरी वाचले त्यातून दोन गोष्टी उमगल्या.

पहिली गोष्ट इंधनाची. पिष्टमय अन्नातून मिळणारी साखर स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठते. १९६७ साली स्वीडनमधील बर्गस्ट्रॉम, हुल्टमन आदी संशोधकांनी सायकल चालवणाऱ्यांच्या मांडीतून सुईने स्नायूचा कण काढून दाखवले, की हा साठा जितका मोठा तितका माणूस जास्त वेळ टिकतो, आणि साठा आहारावर अवलंबून असतो. मी तो रोज घाटात जाळत होतो व ताटातून भरत नव्हतो. म्हणजे रविवारी सकाळी माझी टाकी निम्मी रिकामीच होती.

दुसरी गोष्ट अधिक नवलाची. कठोर सरावाचा फायदा लगेच मिळत नाही; आधी थकवा येतो, शक्ती मागाहून वाढते. म्हणून शेवटच्या चार-पाच दिवसांतील मेहनतीचा थकवाच शर्यतीला हजर असतो, फायदा नंतर येतो. मग सराव कमी केल्यास कमावलेले जाणार नाही का? अमेरिकेतील हिक्सन यांनी १९८२ साली दाखवले, की रोजचा चाळीस मिनिटांचा व्यायाम तेरा मिनिटांवर आणला, तरी जोर तोच ठेवल्यास प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता कित्येक आठवडे टिकते. १९८५ साली त्यांनी उलट प्रयोग केला: वेळ तोच, जोर कमी. तेव्हा मात्र ती घसरली. पुढे २००७ मध्ये बोस्के व सहकाऱ्यांनी अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासले. सुमारे दोन आठवडे सरावाचे प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी घटवावे, जोर आणि दिवसांची संख्या मात्र कमी करू नये, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

थोडक्यात, अंतर कापा, वेग कापू नका. पूर्ण विश्रांती घेऊन खाटेवर पडणे हा उपाय नव्हे. त्याने पाय जड होतात.

दुसऱ्या वर्षी मी हेच केले. दहाव्या दिवसापासून पन्नासचे तीस किलोमीटर, मग वीस. एक दिवसाआड त्यात चार-पाच वेळा एकेक मिनिट शर्यतीच्या वेगाने, मधे भरपूर उसंत. आदल्या दिवशी अर्धा तास हलकेच, दोन-तीन झपाटे मारून घरी. खरे कठीण काम हे न करणे होय. पाय हलके वाटू लागले, की घाट खुणावतो, मित्र चिडवतात, "काय रे, घाबरलास?" मी एकदा सायकलीला कुलूप लावून किल्ली आईकडे दिली.

आहारात शेवटचे तीन दिवस भात, पोळी, बटाटा, केळी, गूळ नेहमीपेक्षा जास्त, तूप-तळण कमी. वजन किलोभर वाढले तर दचकू नये. ग्लायकोजेन आपल्याबरोबर सुमारे तिप्पट पाणी साठवते, ते घामाच्या वेळी कामीच येते. नवा पदार्थ मात्र या दिवसांत चाखू नये. शुक्रवारच्या लग्नाचे जेवण मी टाळले; मावशी अजून बोलून दाखवते.

सायकलीचेही तेच. नवे टायर, नवी चेन, बैठकीची बदललेली उंची, जे काय करायचे ते आठवडाभर आधी. आमच्या दुकानवाल्या काकांनी आदल्या संध्याकाळी ब्रेकला हात लावायला साफ नकार दिला, तेव्हा मी चिडलो होतो. आदल्या रात्री झोप लागत नाही, तिची चिंता करू नये. त्याआधीच्या तीन-चार रात्री पुरेशा झोपलेले असावे.

त्या वर्षी माझा नंबर एकोणिसावा आला. घाटात एकदाही उतरलो नाही. वडील वर उभे होतेच; या वेळी पाण्याबरोबर त्यांनी दोन केळीही आणली होती.