सांचीच्या कठड्यावरील अक्षरे



मागील घटकात आपण प्राकृत भाषांची सामान्य ओळख करून घेतली. विभक्तिप्रत्यय कसे झिजतात आणि जोडाक्षरे कशी सुटतात, याचे नियम तेथे तक्त्यांच्या रूपाने दिलेले होते. तक्ते पाठ होतात, परंतु त्यांमागची भाषा कोणी बोलत होते याचा प्रत्यय त्यांतून येत नाही. म्हणून प्रस्तुत घटकात आपण एका टेकडीवर जाणार आहोत. ही टेकडी म्हणजे मध्यप्रदेशातील रायसेन जिल्ह्यातील सांची. भोपाळपासून सुमारे 46 किलोमीटर आणि विदिशेपासून अवघ्या दहाएक किलोमीटर अंतरावर, सभोवारच्या सपाट शेतीतून नव्वदेक मीटर उंचीची ही टेकडी वर आलेली आहे. माथ्यावर स्तूप, विहार, चैत्यगृहे आणि मंदिरे यांचा समूह आहे. इ. स. पू. तिसऱ्या शतकातील सम्राट अशोकाच्या काळापासून इ. स. च्या बाराव्या शतकापर्यंत, म्हणजे सुमारे दीड हजार वर्षे, येथे बांधकाम होत राहिले. 1989 साली युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

मी प्रथम सांचीस गेलो तेव्हा बहुतेक प्रवासी जे पाहतात तेच पाहिले. चार तोरणे, त्यांवरील हत्ती, सिंह, आंब्याच्या फांदीला धरून झुललेली पूर्व तोरणावरील यक्षी, उत्तर तोरणाच्या खालच्या तुळईवरील वेस्संतर जातकाची कथा. दुसऱ्या खेपेस मुक्त शिक्षणातील काही प्रौढ विद्यार्थी सोबत होते. त्यांतील एका बाईंनी अर्धी प्रदक्षिणा झाल्यावर विचारले, “सर, एवढ्या कोरीवकामात भगवान बुद्ध कोठे दिसत नाहीत, ते का?” प्रश्न योग्य होता. या तोरणांवर बुद्ध मानवी रूपात कोरलेले नाहीत. रिकामे आसन, बोधिवृक्ष, धर्मचक्र, पावलांचे ठसे, आरोहकाविना चाललेला घोडा अशा चिन्हांनी त्यांचे अस्तित्व सुचविले आहे. प्रदक्षिणापथावर चार दिशांना आज दिसणाऱ्या बुद्धमूर्ती नंतरच्या, गुप्तकाळातील आहेत. हे मी सांगत असताना त्या बाई मात्र कठड्याकडे पाहत होत्या. “आणि हे खरवडल्यासारखे काय आहे?” त्यांच्या या दुसऱ्या प्रश्नामुळे माझे सांची पाहणे बदलले.

स्तूपाची रचना थोडक्यात समजून घेऊ. मधला अर्धगोल म्हणजे ‘अंड’. त्याच्या माथ्यावर चौकोनी ‘हर्मिका’ आणि तीवर तीन छत्रे. अशोककालीन मूळ स्तूप विटांचा व आकाराने लहान होता. पुढे शुंगकाळात त्यावर दगडी आवरण चढवून तो वाढविण्यात आला. आजचा व्यास साडेछत्तीस मीटरांहून किंचित अधिक, उंची साडेसोळा मीटरांच्या जवळपास. या साऱ्याभोवती जो दगडी कठडा आहे त्यास ‘वेदिका’ म्हणतात. उभे खांब, त्यांत अडकविलेल्या आडव्या ‘सूची’ आणि वरून बसविलेले ‘उष्णीष’ असे तिचे भाग आहेत. ही जोडणी सुताराची आहे. लाकडी कुंपणाची रीत दगडात जशीच्या तशी उतरविलेली दिसते. वेदिकेवर नक्षी जवळजवळ नाही, त्यामुळे प्रवासी तिच्याजवळ थांबत नाहीत. अक्षरे मात्र तिच्यावरच दाटीने आहेत. सांचीच्या टेकडीवर आठशेहून अधिक लेख नोंदले गेले आहेत आणि त्यांतील बहुसंख्य लेख एका ओळीचे, दानाचे आहेत. अमक्याने हा खांब दिला, तमकीने ही सूची दिली, एवढाच त्यांतील मजकूर.

ही अक्षरे कित्येक शतके कोणासही वाचता येत नव्हती. 1818 साली जनरल टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने हे अवशेष पाहिले. पुढे हौशी खोदकामांनी स्थळाची मोठी हानी केली. 1822 मध्ये मुख्य स्तूप एका बाजूने माथ्यापासून पायथ्यापर्यंत फोडण्यात आला आणि त्या पडझडीत पश्चिमेकडील तोरण कोसळले. यातील दैवदुर्विलास असा, की तोरणांवर एक शापलेख आहे. जो कोणी या काकणावातील दगडी काम मोडील किंवा मोडवील त्यास महापातक लागेल, असा त्याचा आशय आहे. फोडणाऱ्यांना तो वाचता येत नव्हता.

तो वाचता आला तो जेम्स प्रिन्सेप यांच्यामुळे. प्रिन्सेप कलकत्त्याच्या टांकसाळीत नाण्यांतील धातूची कस-परीक्षा करणारे अधिकारी होते. ब्राह्मी लिपीचा उलगडा करण्यासाठी ते अनेक वर्षे झटत होते. काही अक्षरांचा पत्ता लासेन या पंडिताने एका नाण्यावरून आधीच लावला होता. 1837 साली सांचीच्या छोट्या लेखांचे ठसे प्रिन्सेप यांच्या हाती आले, तेव्हा त्यांच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली. जवळजवळ प्रत्येक लेखाच्या शेवटी तीच दोन अक्षरे आणि त्यांपुढे एक टिंब होते. इतके सुटे, त्रोटक लेख एकाच शब्दाने संपतात, तेव्हा ते एखाद्या लांब मजकुराचे तुकडे नसावेत. मंदिरास भाविकांनी दिलेल्या वस्तूंवरील त्या नोंदी असाव्यात. मग शेवटचा शब्द ‘दानं’ असला पाहिजे. ‘द’ आणि ‘न’ ही अक्षरे मिळाली, टिंब म्हणजे अनुस्वार ठरले. ‘दानं’ च्या आधी वारंवार येणारे अक्षर ‘स’ होते. तो षष्ठीचा प्रत्यय : ‘अमुकस दानं’, म्हणजे अमक्याचे दान. या किल्लीने पुढे अशोकाचे शिलालेख उघडले आणि ‘देवानं पिय पियदसि’ हा राजा इतिहासात परतला. भारताच्या प्राचीन इतिहासाचे दार राजाज्ञेने उघडले नाही. गृहस्थ आणि भिक्षुणी यांनी दिलेल्या खांबांनी उघडले, ही गोष्ट मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आली आहे.

आता भाषेच्या विद्यार्थ्याने या ‘स’ कडे नीट पाहावे. संस्कृतातील ‘देवस्य’ चे प्राकृतात ‘देवस्स’ झाले. सांचीच्या लेखांत द्वित्त लिहिण्याची पद्धत नसल्यामुळे तो प्रत्यय नुसता ‘स’ असा दिसतो. उच्चार मात्र ‘स्स’ असा समजावा. प्राकृतात चतुर्थी विभक्ती मावळत गेली आणि तिचे काम षष्ठीने उचलले. त्यामुळे ‘-स्स’ या षष्ठीच्या प्रत्ययाला ‘ला’ हा अर्थही प्राप्त झाला. आपण ‘रामास फळ दिले’ असे लिहितो, त्यातील ‘स’ याच परंपरेतला आहे. शिवाय ‘देवास’ मधील दीर्घ झालेला ‘वा’ पाहा. ‘स्स’ मधले द्वित्त सुटले आणि आधीचा स्वर लांबला. हेच ‘देवा-’ हे रूप आपण सामान्यरूप म्हणून ‘देवाने’, ‘देवाचा’, ‘देवावर’ असे सर्वत्र वापरतो. ज्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरील आपल्या 1920 च्या फ्रेंच ग्रंथात या व्युत्पत्तीची चर्चा केली आहे. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी त्याचा मराठी अनुवाद केला आहे, तो जिज्ञासूंनी अवश्य पाहावा. शालेय व्याकरणात सामान्यरूप हा एक निष्कारण जाच वाटतो. तो एका जुन्या षष्ठीचा उरलेला सांगाडा आहे, हे एकदा कळले की जाच बराच कमी होतो, असा माझा अध्यापनाचा अनुभव आहे.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. सांचीच्या लेखांची भाषा मराठीची थेट जननी नव्हे. ती त्या प्रदेशात लेखनासाठी रूढ असलेली प्राकृत होय. मराठीच्या पूर्वपीठिकेत आपण महाराष्ट्री प्राकृताचा विचार करतो. परंतु बदलांच्या दिशा समान होत्या आणि त्या दगडावर घडत असताना दिसतात, म्हणून हे लेख मोलाचे आहेत.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘भिक्षु’ हा शब्द. सांचीत तो ‘भिखु’ असा आढळतो, तसाच ‘भिछु’ असाही आढळतो. संस्कृत ‘क्ष’ प्राकृतात दोन वाटांनी गेला, एक ‘ख’ ची आणि एक ‘छ’ ची, आणि येथे एकाच टेकडीवर दोन्ही वाटा शेजारी दिसतात. मराठीत छ-वाटेचा पुढे ‘स’ किंवा ‘श’ झाला. म्हणून ‘क्षेत्र’ चे हिंदीत ‘खेत’ तर मराठीत ‘शेत’, ‘मक्षिका’ ची तिकडे ‘मक्खी’ तर इकडे ‘माशी’. ‘भिक्षा’ पासून आलेली आपली ‘भीक’ मात्र ख-वाटेची. भाषा एकाच वाटेने जात नाही. ‘सेठि’ हा शब्दही लेखांत पुन:पुन्हा येतो. संस्कृत ‘श्रेष्ठी’ आणि आपल्या बाजारपेठेतील ‘शेठ’ यांच्या मधला तो टप्पा आहे. आणि ‘दानं’ नपुंसकलिंगी आहे. मराठीने हे तिसरे लिंग सांभाळले, म्हणून आपण ‘ते दान’ म्हणतो.

स्थळाचे जुने नावही या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. प्राचीन लेखांत ते ‘काकणाव’ किंवा ‘काकणाय’ असे येते, तर गुप्तकालीन लेखात ‘काकनादबोट’ असे. स्वरांमधला ‘द’ गळून त्या जागी ‘य’ किंवा ‘व’ येणे ही प्राकृताची ओळखीची खूण आहे. संस्कृतनिष्ठ लेखकाने नंतर ‘द’ पुन्हा बसविला. नंतरच्या लेखातील रूप अधिक ‘शुद्ध’ आणि आधीच्या लेखातील रूप अधिक ‘झिजलेले’, असा उलटा क्रम पाहून गोंधळू नये.

दात्यांकडे वळू. ते उजेनीहून, म्हणजे उज्जयिनीहून आले, माहिसतीहून आले, पोखरहून आले. लेखांत नाव, नाते, गाव आणि कधी व्यवसाय एवढेच सांगितलेले असते. व्यापारी आहेत, विणकर आहेत, लेखक आहेत, एक ‘राजलिपिकर’ही आहे. दक्षिण तोरणावरील एका भागाचे कोरीवकाम विदिशेच्या दंतकारांनी, म्हणजे हस्तिदंताचे काम करणाऱ्यांनी केल्याची नोंद आहे. तेथील बारीक काम पाहिले की ती नोंद सहज पटते. भिक्षुणींची संख्या लक्षणीय आहे. ‘भिखुनिया दानं’ हे शब्द कठड्यावर पुन:पुन्हा भेटतात. प्रव्रज्या घेतलेल्या स्त्रीजवळ दगडी खांब देण्याइतके धन असावे, हे ग्रंथांतील नियम वाचून मनात येणार नाही. नियमांचे ग्रंथ आणि दगड यांत मतभेद दिसला, तर अशा बाबतीत मी दगडावर अधिक विश्वास ठेवतो.

दक्षिण तोरणाच्याच वरच्या तुळईवर महाराष्ट्राशी नाते जोडणारा लेख आहे. राजा सिरि सातकणि याच्या कारागिरांचा प्रमुख, ‘आवेसनि’, वासिठीपुत आनंद याचे ते दान आहे. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, आजचे पैठण. राजाचे नाव येथे केवळ ओळख सांगण्यापुरते आले आहे. दाता कारागीर आहे. ‘सातकणिस’, ‘आवेसनिस’, ‘आनंदस’ असा तोच ‘स’ एकामागून एक येतो, विशेषण-विशेष्यांची विभक्ती जुळलेली. पाठ्यपुस्तकाने यापेक्षा चांगले उदाहरण शोधून दाखवावे.

टेकडीवरील अन्य वास्तूंविषयी थोडेसेच. मंदिर क्रमांक 17 हे सपाट छताचे, चौकोनी गर्भगृह व चार खांबांचा मंडप असलेले गुप्तकालीन मंदिर लहान असूनही प्रमाणबद्धतेमुळे लक्षात राहते. पूर्वेकडील मंदिर क्रमांक 45 बऱ्याच नंतरचे आहे. स्तूप क्रमांक 3 मध्ये सारिपुत्त आणि मोग्गल्लान या बुद्धशिष्यांच्या अस्थी कनिंगहॅम यांना 1851 साली मिळाल्या. त्या लंडनला गेल्या आणि परत येऊन 1952 साली येथील नव्या विहारात ठेवण्यात आल्या. आज आपण जे सुस्थितीत पाहतो त्याचे श्रेय 1912 ते 1919 या काळातील जॉन मार्शल यांच्या जीर्णोद्धारास आणि त्याला साहाय्य करणाऱ्या भोपाळच्या बेगमांस आहे. अशोकस्तंभाचे चार सिंहांचे शीर्ष पायथ्याच्या संग्रहालयात आहे.

जाण्याचा योग आला तर सकाळी लवकर जावे. ऊन तिरपे असताना अक्षरांच्या खोबणीत सावली पडते आणि ती वाचता येतात. दुपारी तोच खांब कोरा दिसतो. हात लावू नये.

स्वयं-अध्ययनासाठी

1. ‘गावास’, ‘गावाचा’, ‘गावी’ या रूपांपैकी कोणत्या रूपांत जुन्या षष्ठीचा अंश आहे, ते सकारण लिहा.

2. आपल्या बोलीतील पाच शब्द शोधा, ज्यांत संस्कृत ‘क्ष’ चा ‘ख/क’ किंवा ‘स/श’ झाला आहे. शेजारच्या तालुक्यातील उच्चार वेगळा असल्यास तोही नोंदवा.

3. आपल्या गावातील देऊळ, विहार, दर्गा किंवा शाळा यांपैकी एका ठिकाणच्या देणगीदारांच्या पाट्या पाहा. देणगीदाराची ओळख कशी दिली आहे (नाव, नाते, गाव, व्यवसाय), कोणते विभक्तिप्रत्यय वापरले आहेत, स्त्रियांची नावे स्वतंत्रपणे आली आहेत की नाहीत, हे टिपून सांचीच्या लेखांशी तुलना करा. पाटीवरील मजकूर आहे तसा उतरवावा, शुद्धलेखन सुधारू नये.