नॅक्सोसचा नांदता किल्ला

प्रश्न : ग्रीसमधील नॅक्सोस बेटावरील किल्ल्यात अद्याप वस्ती आहे म्हणतात. तो आतून पाहता येतो काय?

उत्तर : अवश्य येतो. मार्को सानुदो या व्हेनिशियन सरदाराने १२०७ च्या सुमारास बेट जिंकून, कडेच्या घरांच्या पाठभिंती एकमेकींस भिडवून त्यांचाच तट व्हावा अशा युक्तीने बंदरावरील टेकडीवर हे ‘कास्त्रो’ वसविले. पुढे तुर्की अंमल आला नि गेला, तरी त्यात वसलेल्या व्हेनिशियन कॅथलिक घराण्यांपैकी काहींचे वंशज आजही तेथेच नांदतात, आणि दारांवरील संगमरवरी कुलचिन्हे हीच जणू त्यांची सनद होय. उत्तरेच्या महाद्वाराने शिरावे व उजवीकडच्या खांबावर कोरलेली उभी रेघ न्याहाळावी. कापड मोजण्याचा व्हेनिशियन गज तो हाच. कॅथलिक कॅथीड्रल आणि जुन्या विद्यालयाच्या इमारतीतील पुराणवस्तुसंग्रहालय यांच्या वेळा अगोदर विचारून ठेवाव्यात. बोळांतून हिंडण्यास परवानगी लागत नाही. मात्र तेथील प्रत्येक उंबरठा कोणाच्या तरी खाजगी मालकीचा असल्याने, उघड्या दारातून आत डोकावून छायाचित्रे टिपणारा प्रवासी मला तरी असभ्यच वाटतो. भर दुपारी तर रहिवाशांची वामकुक्षी चाललेली असते, तेव्हा मोठ्याने बोलणेही टाळावे. फरसबंदी झिजून गुळगुळीत झालेली आहे; जोडे घट्ट पकडीचे असू द्यावेत.