डबीवरची किंमत आणि महिन्याचा खर्च

वजन उतरवण्यासाठी ‘हर्बल’ किंवा ‘शंभर टक्के नैसर्गिक’ लिहिलेली डबी घेताना बहुतेक जण दोनच आकडे बघतात: एमआरपी आणि सूट. पण ती डबी किती दिवस पुरणार, यावर खरा खर्च ठरतो आणि ते कळायला डबी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचावी लागतात. खाली दिलेले भाव साधारण आहेत. गावागणिक आणि कंपनीगणिक ते बदलतील, हिशेबाची रीत तीच राहील.

खूप खपणाऱ्या गार्सिनियापासून सुरुवात करू. केरळात माशाच्या कालवणात घालतात त्या कुडमपुळीचा हा अर्क. आपल्या कोकमाच्याच कुळातलं हे फळ. त्यातल्या हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लाने चरबी साठत नाही, असा दावा केला जातो. समजा, 60 कॅप्सूलची डबी 600 रुपयांना मिळाली. समोर मोठ्या अक्षरात ‘1000 मिग्रॅ’ आहे. मागे बघितलं तर तो आकडा दोन कॅप्सूलचा निघतो, म्हणजे एकीत अर्क 500 मिग्रॅ. त्या अर्कात आम्ल 60 टक्के, म्हणजे 300 मिग्रॅ. या आम्लाची नावाजलेली चाचणी अमेरिकेत झाली आणि 1998 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात 135 जणांना निवडून काहींना रोज 1500 मिग्रॅ आम्ल आणि बाकीच्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी बारा आठवडे दिली होती. तेवढी मात्रा गाठायला या डबीतल्या रोज पाच कॅप्सूल लागतील. डबी बारा दिवसांत संपेल, महिन्याला अडीच डब्या, म्हणजे 1500 रुपये. बारा आठवड्यांचे झाले 4200. आणि त्या चाचणीचा निकाल काय लागला? दोन्ही गटांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. शिवाय गार्सिनिया असलेल्या गोळ्यांनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. माझ्या मते यावर एक रुपयाही घालवू नये. आमसुलाचं सार आणि सोलकढी चवीसाठी जरूर प्यावी, ती गोष्ट वेगळी.

आता इसबगोल. मेडिकलमध्ये ‘सत इसबगोल’ म्हणून मिळतो तो हा बियांवरचा भुसा. 100 ग्रॅमचा डबा साधारण 150 रुपयांना येतो. रोज दहा ग्रॅमच्या आसपास, जेवणाआधी विभागून, चार-पाच महिने घेतला तर स्थूल माणसांचं सरासरी दोनेक किलो वजन उतरल्याचं अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं आहे. दोन किलो हा आकडा जाहिरातीत शोभणार नाही, पण तो खरा आहे. महिन्याला 300 ग्रॅम, म्हणजे 450 रुपये, दिवसाला 15. मोठा डबा घेतला तर आणखी कमी.

घेण्याची पद्धत मात्र नीट पाळा. भुसा इतका हलका असतो की चमच्याचा अंदाज फसतो, म्हणून पहिल्यांदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाच ग्रॅम मोजून आपल्या चमच्यात किती मावतो ते बघून ठेवा. मोठ्या ग्लासभर पाण्यात ढवळला की लगेच प्यायचा. थोडा वेळ राहिला तर त्याची खळ होते आणि गिळवत नाही. कोरडा तोंडात टाकणं धोक्याचं, तो घशात फुगून अडकू शकतो. पहिला आठवडा अर्धीच मात्रा घ्या, नाहीतर पोट गच्च होतं. इतर गोळ्या आणि इसबगोल यांत किमान दोन तासांचं अंतर हवं. थायरॉईडची किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गिळायला त्रास होणाऱ्यांनी आणि आतड्याचा अडथळा होऊन गेलेल्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

कोंजाक कंदातलं ग्लुकोमॅनन याच जातीचं, पाण्यात फुगणारं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2010 साली त्याचा वजन उतरवण्याचा दावा मान्य केला, पण अट घालून: रोज तीन ग्रॅम, जेवणाआधी तीन वेळा विभागून, एक-दोन ग्लास पाण्याबरोबर आणि आहार कमी केलेला असेल तरच. कॅप्सूल 500 मिग्रॅची असेल तर रोज सहा लागतात. एवढं करून पोट भरल्यासारखं वाटण्याचं काम इसबगोलही करतो, मग जास्त पैसे कशाला?

भिजवलेली मेथी सर्वांत स्वस्त. रोज चमचाभर घेतली तरी महिन्याला वीस रुपयांच्या आत. भूक थोडी आवरते, यापलीकडे अपेक्षा नको. चियापेक्षा आपला सब्जा अनेकदा स्वस्त पडतो आणि फुगतो तसाच.

ग्रीन टी पेय म्हणून प्यायला हरकत नाही. अर्काच्या कॅप्सूल ही वेगळी बाब आहे. त्यातलं ईजीसीजी हे द्रव्य रोज 800 मिग्रॅ किंवा त्याहून जास्त गेलं तर यकृताची विकरं वाढलेली आढळतात, असं युरोपच्या त्याच संस्थेने 2018 साली नोंदवलं. कॅप्सूल घेत असाल तर यकृताच्या एसजीपीटी तपासणीचे दोन-तीनशे रुपयेही खर्चात धरा. ‘डिटॉक्स’ चहाच्या पाकिटावर सोनामुखी किंवा सेना लिहिलं असेल तर ते जुलाबाचं औषध आहे. काट्यावर उतरतं ते पाणी.

दुधीचा रस घरचा म्हणून निर्धास्त पिणाऱ्यांना एक कळकळीची सूचना. पिळण्याआधी दुधीचा तुकडा चाखा. कडू लागला तर पूर्ण दुधी फेकून द्या. कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात माणसं दगावली आहेत.

गुग्गुळाच्या ‘मेदोहर’ गोळ्या शेजाऱ्याच्या सांगण्यावरून सुरू करू नका. वैद्यांची तपासणी फी तीनशे ते आठशे रुपये असेल, ती द्या आणि चालू असलेली सगळी औषधं त्यांना दाखवा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी वर सांगितलेल्या गोळ्या, अर्क यांपैकी काहीच आपल्या मनाने घेऊ नये.

विकत घेताना लेबलवर काय बघायचं? आहारपूरक असेल तर एफएसएसएआयचा 14 आकडी परवाना क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना. आयुर्वेदिक औषध असेल तर तसे शब्द आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक. ‘महिन्यात दहा किलो’ असं छापलेलं दिसलं तर ती वस्तू परत ठेवा. लठ्ठपणा बरा करण्याच्या औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने मनाई आहे. झपाट्याने गुण देणाऱ्या ‘हर्बल’ गोळ्यांत सिब्युट्रामिन हे बंदी घातलेलं औषध मिसळल्याचं परदेशांतल्या तपासण्यांत वारंवार सापडलं आहे. छातीत धडधड, झोप उडणं, डोळे पिवळे होणं यांतलं काही जाणवलं तर गोळी तिथेच थांबवा आणि डबीसकट दवाखाना गाठा.

‘तीन महिन्यांचा कोर्स एकदम घ्या’ हा आग्रह मोडून काढा. एकच लहान डबी घ्या, पावती मागा आणि जपून ठेवा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही तक्रार नोंदवता येते.