मागच्या रेषेवरून जाळ्यापाशी : चिराग शेट्टीची जडणघडण

दुहेरीचा खेळ म्हणजे एकेरीची दुप्पट नव्हे. बॅडमिंटनमध्ये दुहेरीसाठी मैदानाची रुंदी ५.१८ मीटरांऐवजी ६.१० मीटर धरली जाते. उलट सर्व्हिसची मागची मर्यादा शेवटच्या रेषेपासून ७६ सेंटिमीटर आत सरकते. त्यामुळे एकेरीत चालून जाणारी उंच, खोल सर्व्हिस येथे प्रतिपक्षाला स्मॅशची आयती संधी देते. सर्व्हिस जाळ्याला लगटूनच करावी लागते. आक्रमणात दोघे खेळाडू एकामागे एक असतात, बचावात शेजारी-शेजारी. मागच्याने फूल जोराने खाली मारावयाचे आणि पुढच्याने जाळ्याजवळ येणारे दुबळे परतफटके टिपावयाचे, अशी ही वाटणी असते. प्रेक्षकांची दाद बहुधा मागच्याच्या वाट्याला येते.

४ जुलै १९९७ रोजी मुंबईत जन्मलेला चिराग शेट्टी हा असाच मागून मारणारा खेळाडू होता. त्याचे प्रारंभीचे शिक्षण मुंबईतच उदय पवार यांच्याकडे झाले. पुरुष दुहेरीची परंपरा या शहराला नवी नव्हती. प्रदीप गंधे यांनी लेरॉय डिसा यांच्या साथीने १९८२ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धेत कांस्यपदक मिळविले होते. मात्र पुढे कित्येक वर्षे देशाचे लक्ष एकेरीवरच खिळून राहिले.

मलेशियाचे प्रशिक्षक टॅन किम हर यांनी चिरागची जोडी आंध्र प्रदेशातील अमलापुरमच्या सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी याच्याशी जमविली, तेव्हा दोघांनाही ती पटेना. सात्त्विक तीन वर्षांनी लहान, तितकाच उंच, आणि तोही मागूनच मारणारा! मग पुढे उभे राहावयाचे कोणी? ती जागा हळूहळू चिरागने पत्करली. हातखंडा फटका जोडीदारावर सोपवून नव्या वयात नवी विद्या शिकणे, हा या कारकिर्दीतील खरा कसोटीचा भाग म्हटला पाहिजे.

फळ लवकरच दिसले. २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत या जोडीने रौप्यपदक मिळविले. ऑगस्ट २०१९ मध्ये थायलंड खुल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तिने चीनच्या ली जुनहुई व लिऊ युचेन या २०१८ च्या विश्वविजेत्यांना २१-१९, १८-२१, २१-१८ असे नमविले.

२०२१ साली भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये मात्र गणिताने दगा दिला. गटातील पहिल्याच सामन्यात तैवानच्या ली यांग व वांग ची-लिन यांचा तिसरा गेम २७-२५ असा जिंकून या जोडीने पाडाव केला. पुढे इंडोनेशियाच्या जोडीकडून ती हरली व इंग्लंडच्या जोडीला तिने हरविले. तीन जोड्यांचे प्रत्येकी दोन विजय झाले, तेव्हा गेम मोजण्यात आले : इंडोनेशिया ५-२, तैवान ५-३, भारत ४-३. चिराग व सात्त्विक गटातच बाद झाले. सुवर्णपदक मिळाले ते ली यांग व वांग ची-लिन यांना. त्या संपूर्ण स्पर्धेत त्यांना हरविणारी जोडी ही एकच होती.