शरद आणि पानगळ

इंग्रजी 'ऑटम'चा अर्थ मी वर्गात कित्येक वर्षे 'शरद ऋतू, म्हणजे पानगळीचा काळ' असा सांगत आलो. गेल्या आश्विनात विद्यार्थ्यांसमवेत बेळगावहून मोटारीने गोकाकचा धबधबा पाहण्यास गेलो. घटप्रभा सुमारे ५२ मीटर उंचीच्या कड्यावरून कोसळत होती. वाटेवरची झाडे मात्र हिरवीगार! एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पानगळ कुठे आहे?" मी निरुत्तर झालो.

उत्तर मागाहून उमगले. ईशान्य अमेरिकेत दिवस लहान होऊन थंडी पडू लागली की पानांतील हरितद्रव्य नाहीसे होते व मुळात असलेला पिवळा रंग उघडा पडतो. मेपलच्या पानांत तांबडे द्रव्य नव्याने तयार होते. म्हणून तेथे ऑक्टोबरात रंगीत पाने आणि धबधबे एकाच सहलीत पाहता येतात. आपल्याकडे सागासारखी झाडे पाने टाकतात ती मुख्यतः पाण्याच्या टंचाईमुळे, पावसाळ्यानंतर काही महिन्यांनी. तोवर धबधबाही रोडावलेला असतो.

आता मी वर्गात सांगतो : ऑटमचे महिने आपल्या शरदाचे, पण त्याची पानगळ आपल्या शिशिराची. शब्दाचा अर्थ कोशात पाहावाच. पण एकदा झाडाकडेही पाहावे.