स्कोन : हलक्या हाताची कृती

प्रस्तावना

कणीक चांगली तिंबली की पोळी मऊ होते, हे आपण जाणता. मात्र सर्वच पदार्थांना हा नियम लागू पडत नाही. ज्याचे पीठ जितके कमी हाताळावे तितका जो हलका होतो, अशा एका पदार्थाचा परिचय या पाठात करून दिला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण –
• स्कोन फुगण्याचे कारण सांगू शकाल;
• गोड व खारे स्कोन करण्याची कृती क्रमाने लिहू शकाल.

मूळ पाठ

स्कोन हा मूळचा स्कॉटलंडचा पदार्थ. पूर्वी तो ओट किंवा सातूच्या पिठाचा करीत. तव्यावर भाजलेल्या त्या चपट्या, गोल भाकरीचे चार तुकडे करून ते वाढले जात. आज ब्रिटनमध्ये चहाबरोबर मिळणारा उंच, हलका स्कोन घडला तो बेकिंग पावडरमुळे.

या पावडरीमागे एका घरातील अडचण होती. बर्मिंगहॅमचे रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला यीस्टने फुगवलेला पाव सोसत नसे. तिच्यासाठी बर्ड यांनी १८४३ साली यीस्टविना पीठ फुगवणारी पावडर तयार केली. बेकिंग पावडरीत सोडा, कोरडे आम्ल आणि ओल शोषून घेणारे पिष्ट असते. दूध किंवा पाणी मिळताच सोडा व आम्ल यांची क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो आणि पीठ फुगते.

साधारण आठ स्कोनसाठी २२५ ग्रॅम मैदा, ३ लहान चमचे बेकिंग पावडर व चिमूटभर मीठ एकत्र चाळावे. त्यात ५५ ग्रॅम थंड लोणी बोटांच्या टोकांनी चोळून मिश्रण रवाळ करावे. गोड स्कोनसाठी २५ ग्रॅम साखर व थोडे बेदाणे घालावेत. खाऱ्या स्कोनसाठी साखरेऐवजी ७५ ग्रॅम किसलेले चीज घालावे. मग सुमारे १५० मिलिलिटर दूध बेताबेताने घालून पीठ केवळ एकत्र आणावे. ते २ सेंटिमीटर जाड थापून साच्याने गोल कापावे व वरून दूध लावावे. आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये २२० अंश सेल्सिअसवर १२ ते १५ मिनिटे भाजावे.

नवख्या हाताचे स्कोन पुष्कळदा दगडासारखे होतात. साहित्य तेच असते. चुकतो तो हात. मळल्याने मैद्यातील ग्लूटेनचे चिवट जाळे तयार होते व स्कोन घट्ट होतो. साचा पिळून फिरवल्यास कडा दबतात आणि स्कोन वाकडा फुगतो. पीठ फार वेळ ठेवल्यास वायू निघून जातो. म्हणून या कृतीत श्रमापेक्षा संयम महत्त्वाचा. कोठे थांबावे हे हाताला कळणे, हेही कौशल्यच आहे.

शब्दार्थ

तिंबणे – पाणी लावून पुन्हा पुन्हा मळणे
रवाळ – रव्यासारखे कणीदार
पिष्ट – धान्यातील पांढरे, पिठूळ द्रव्य

पाठगत प्रश्न

१. बर्ड यांना नवी पावडर तयार करण्याची गरज का भासली?
२. स्कोनचे पीठ मळू नये, याचे कारण लिहा.
३. ‘श्रमापेक्षा संयम महत्त्वाचा’ हे आपल्या परिचयाच्या एखाद्या कामाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.